बेळगावात राहून डिझाइनच्या कामावर पोट भरता येईल का?

रेघोट्या, वडगाव
नमस्कार. मी बेळगावच्या वडगाव भागात राहते आणि यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सांभाळून मी कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटर ही डिझाइनची सॉफ्टवेअर स्वतःच शिकले असून ओळखीतून येणारी लहानमोठी कामे करते. आतापर्यंत काही लग्नपत्रिका, एका खानावळीचे मेनूकार्ड, दुकानांचे फलक आणि आमच्या गल्लीतील मंडळाच्या शिवजयंती चित्ररथाची पत्रके अशी कामे झाली आहेत. मंडळाच्या कामाचे पैसे मागायचे नसतात हे मला मान्य आहे, पण दुकानदारही “छपाईचे पैसे दिले ना, मग डिझाइनचे वेगळे कसले?” असे विचारतात, तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

घरी यंत्रमाग आहेत. साडीच्या नक्षीची कार्डे बाहेरून तयार होऊन येतात आणि आम्ही केवळ विणतो. वडिलांना वाटते की मी बँकेच्या परीक्षांची तयारी करावी. आईचे म्हणणे असे की हेच करायचे असेल तर पुण्याला मावशीकडे राहून रीतसर शिकावे. माझ्या वर्गातल्या ज्या मुली या क्षेत्राकडे वळल्या त्या पुण्याला किंवा बेंगळूरला गेल्या आणि आता सणावारालाच परत येतात. मला शहर सोडायचेच नाही असे नाही, परंतु सोडण्याआधी इथे नेमके काय आहे ते समजून घ्यायचे आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. फ्लेक्स आणि पत्रिकांच्या पलीकडे बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात डिझाइनचे काम कोण देते? बी.कॉम.नंतर रीतसर शिक्षणाचे कोणते मार्ग उरतात? माझी धाकटी बहीण बारावीला आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिने काय करावे? आणि मोबदला कसा ठरवावा?

छापखाना
मी शहरात लहानसा छापखाना चालवतो. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक मुले तिथेच अडकतात. फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर होतो आणि पत्रिकांचा शेकड्यावर. डिझाइनचे श्रम त्या दराच्या पोटातच धरलेले असतात. ही सवय छपाईच्या धंद्यानेच गिऱ्हाइकाला लावली आहे, तेव्हा दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. आपण मात्र छपाईचे काम अंगावर घेऊ नये. फाइल आपली, छपाई त्याला हवी तिथे, आणि पावती फक्त डिझाइनची, असे सुरुवातीलाच सांगितले की “वेगळे कसले?” हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दुसरा आकडा त्या कागदावर नसतोच. काही गिऱ्हाइके जातील. ती तशीही टिकणारी नव्हती. शिवाय कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत फ्लेक्स आणि बॅनरचाही समावेश आहे. अंमलबजावणी किती होते ते आपण चौकाचौकांत पाहतोच. तरीही ज्या मालावर बंदीची टांगती तलवार आहे, त्याच्या भरवशावर तरुण माणसाने पुढची वर्षे बेतू नयेत.

आता जे काम बेळगावात आहे आणि पुण्यात नाही, त्याविषयी. २०२४ च्या कायदेदुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकाने आणि आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक झाले आहे. त्यामागच्या राजकारणाची चर्चा इथे नको, तिच्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत. फलक करणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न असा की उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी बसवून तो फलक एकाच हाताने लिहिल्यासारखा कसा दिसेल. ‘चिक्कोडी’ हे आपलेच नाव घ्या. देवनागरीत त्यातले दोन क आडवे जोडले जातात आणि मात्रा-वेलांट्या शिरोरेषेच्या वर राहतात, त्यामुळे ओळीखालची जागा जवळजवळ मोकळीच असते. कन्नडमध्ये दुसरा क पहिल्याच्या पायाशी, ओळीच्या खाली उतरतो. त्याला ओत्तक्षर म्हणतात. त्यात कन्नड अक्षरे मुळात गोलसर आणि रुंद असतात. दोन्ही नावे एकाच मापात एकाखाली एक ठेवली की कन्नड ओळीचे पाय मराठी ओळीच्या शिरोरेषेवर आदळतात. मग घाईत बसलेला मुलगा कन्नड ओळ दाबून चपटी करतो किंवा देवनागरी ताणून लांबवतो. आपल्या बाजारपेठेतून फिरताना मान वर करून पाहिलेत, तर अशी चपटी-ताणलेली अक्षरे सर्वत्र दिसतील. ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात आणि दोन्हींचे वजन सांभाळता येते, असा माणूस या शहरात शोधावा लागतो, हे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो आहे.

सरावासाठी महागडे टंक (फॉन्ट) घेण्याचीही गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ हा टंक २०२२ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला आणि त्याच्या एकाच कुटुंबात देवनागरी व कन्नड दोन्ही आहेत. त्यांच्याच ‘बलू’ची कन्नड जोडही मुक्त आहे. दोन लिप्यांची जाडी जुळवताना त्या अक्षररचनाकारांनी कुठे तडजोड केली, हे मोठे करून पाहिलेत तरी पुष्कळ शिकायला मिळेल.

दुसरे काम खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचे. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट आता प्रवासी घेऊन जातात आणि कुरिअरनेही जातात. दुकानातल्या साध्या खोक्यावर नाव आणि देवाचे चित्र असले की भागत असे. बंद वेष्टनात माल विकायचा म्हटला की घटकपदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, चौकटीतला हिरवा ठिपका, हे सर्व ठरावीक आकारात द्यावे लागते आणि सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. हे नियम जाणणारा आणि खोक्याची डाय (कापण्याचा आराखडा) व घडीच्या रेषा समजून फाइल देणारा डिझायनर मिळाला, तर मिठाईवाला चौरस फुटाचा दर विचारत नाही. त्यासाठी कुठल्याही छापखान्यात काही महिने बसा. चार रंगांच्या प्लेटा कशा निघतात, ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) न सोडल्यास कटिंगला काय होते, हे पडद्यावर शिकून कळत नाही.

उद्यमबागकर
वरील उत्तरात छपाईचे चित्र आले. या शहरात पैसा मात्र फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात आहे. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने आणि पलीकडे हत्तरगीला ‘एक्वस’चे विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र, या सगळ्यांचे गिऱ्हाईक बाहेरगावी किंवा परदेशी आहे. त्या गिऱ्हाइकापुढे जाणारा कॅटलॉग, यंत्राचे भाग सुटे करून दाखवणारे चित्र, बेंगळूरच्या ‘इमटेक्स’सारख्या प्रदर्शनातला स्टॉल, देखभालीची पुस्तिका, ही सर्व डिझाइनचीच कामे आहेत आणि आज ती बहुतांशी विक्री विभागातला एखादा इंजिनिअर रात्री बसून उरकतो. मी स्वतः पॅटर्न विभागात (वाळूत साचा उठवण्यासाठी वस्तूचा नमुना बनतो तिथे) आहे आणि आमच्याच कॅटलॉगमधले पंपाचे चित्र पाहून तो कुठल्या बाजूने उघडतो हे मला सांगता आले नसते.

आपल्याला या वाटेने यायचे असेल तर वस्तू कशी बनते ते पाहावे लागेल. एका मुलाने आम्हाला हँडव्हीलचे फार देखणे रेखाटन करून दिले होते. सर्व कडा धारदार आणि उभ्या बाजू अगदी काटकोनात होत्या. असा पॅटर्न वाळूतून वर उचलताच साच्याची कड ढासळते, म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. कोपरे गोलावले नाहीत तर तिथे तडा जाण्याची शक्यता वाढते. त्या मुलाला दुपारभर मोल्डिंगच्या जागी उभे केले आणि पुढचे रेखाटन त्याने न सांगता बदलून आणले.

लहान कारखानदार डिझाइनवर खर्च करायला कचरतो, त्याला एक गोष्ट सांगता येईल. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत डिझाइनचा स्वतंत्र भाग आहे. त्यात मान्य प्रकल्पासाठी सूक्ष्म उद्योगाला खर्चाच्या ७५ टक्के, लघु व मध्यम उद्योगाला ६० टक्के मदत मिळू शकते आणि तिची मर्यादा ४० लाख रुपये आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी वेगळी, लहान मर्यादा आहे. कागदपत्रांचा व्याप मोठा आहे, पण उद्यमबागेत चहा पिताना ही माहिती ज्याच्या तोंडी असेल त्याला निदान दुसऱ्यांदा बोलावले जाते.

खडूफळा
शिक्षणाबद्दल लिहितो, मी कला शिक्षक आहे. दोघी बहिणींची उत्तरे वेगळी आहेत.

धाकटीसाठी आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेशपरीक्षा आहे. कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्याला ती देता येते, पण बारावीच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, इतकीच संधी असते. परीक्षा जानेवारीत होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरावे लागतात, म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणाऱ्यांचे ते वर्ष हातचे जाते. दरवर्षी चांगल्या हाताची मुले केवळ या कारणाने मागे राहताना पाहतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची आणि निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) प्रवेशपरीक्षा वेगवेगळी असते. या तिन्हींत सुबक चित्रापेक्षा निरीक्षण आणि कल्पना तपासली जाते. कर्नाटकातील लोअर-हायर किंवा महाराष्ट्रातील एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांत उत्तम श्रेणी मिळवलेली मुले इथे कधीकधी गोंधळतात, कारण समोर ठेवलेल्या तांब्याचे छायाप्रकाशासह चित्र काढण्याची त्यांना सवय असते आणि इथे “बसमध्ये उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला धरायला सोयीचे काही सुचवा” असे विचारले तर हात थांबतो.

महाराष्ट्रात जायचे असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या सामायिक प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र उमेदवारी प्रकार आहे. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत तो वर्षानुवर्षे वापरला जातो. उपयोजित कलेच्या प्रवेशासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका काळजीपूर्वक वाचावी आणि रहिवास व मातृभाषेचे दाखले आधीच काढून ठेवावेत. ऐनवेळी तालुका कचेरीत धावाधाव करून ते मिळत नाहीत.

आपल्यासाठी, म्हणजे बी.कॉम.नंतर, यूसीडचा मार्ग आता बंद आहे. तीन वर्षांच्या पदवीवर सीड ही डिझाइनची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देता येते आणि तिला वयाची अट नाही, परंतु प्रत्यक्ष प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक बदलतात आणि काही ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात. निफ्टचा पदव्युत्तर डिझाइन अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. घरात माग असलेल्या मुलीने तो पर्याय पहिल्यांदा पाहावा असे मला वाटते. गल्लीबोळांतील ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या सहा महिन्यांच्या वर्गांत मोठी फी भरण्याआधी तिथल्या मुलांची कामे पाहायला मागा. दाखवली नाहीत तर परत फिरा.

आईंच्या मताला एक जोड देतो. बेळगावचे चित्रकार व कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथेच पाया घालून रवी परांजपे (१९३५–२०२२) मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात गेले, पुढे आफ्रिकेतही काम करून आले आणि बोधचित्रकार म्हणून देशभर नावाजले गेले. पाया इथे पक्का होऊ शकतो, हे त्यातून घ्यावे. त्या काळी पुढच्या कामासाठी बाहेर जाण्यावाचून मार्ग नव्हता. आज तो प्रश्न थोडा खुला झाला आहे.

मागावरचा
खडूफळा यांनी मागाचा उल्लेख केला म्हणून थोडक्यात लिहितो. जेकार्डच्या (कार्डांनुसार उभे धागे उचलणाऱ्या, मागावरच्या यंत्रणेच्या) नक्षीचा आलेख चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. जेकार्डला जितके हूक (धागे उचलणारे आकडे), तितक्या धाग्यांतच नक्षीची एक आवृत्ती बसवावी लागते. इलस्ट्रेटरमध्ये काढलेली मोराची गुळगुळीत वक्ररेषा त्या चौकटींत उतरताना पायऱ्यापायऱ्यांची होते आणि ती पायरी कुठे द्यायची हे ज्याला कळते त्याचा काठ सुरेख दिसतो. शिवाय आडवा धागा मागच्या बाजूला फार लांब मोकळा राहिला तर नेसताना बांगडीत अडकतो. आपल्या घरी जी कार्डे बाहेरून येतात, त्यांतला एक संच घेऊन त्यावरून उलट आलेख काढून पाहा. वडिलांना बँकेचा विषय बाजूला ठेवायला लावायचे असेल तर त्यांच्याच मागावर आपण काढलेला एक काठ विणून दाखवण्यासारखा दुसरा उपाय नाही.

निपाणीकर
चपलांविषयी कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि धारवाड हे आपल्याकडचे चार. निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालते. अथणीत तर ‘टोहोल्ड’ या नावाखाली कारागीर महिलांच्या गटांनी आपला माल परदेशापर्यंत नेला. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या गेल्या, तेव्हा गदारोळ झाला तो बहुतेक कोल्हापूरच्या नावाने, आणि आमच्याकडचे कारागीर बातमीत शोधावे लागले. पुढे डिसेंबरमध्ये त्या कंपनीने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन्ही चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

यात डिझायनरला काय काम आहे असे विचाराल, तर चप्पल नव्याने ‘डिझाइन’ करणे हे त्यातले सर्वांत लहान काम आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, पट्टा, कान, वेणी आणि अंगठा यांची मांडणी कारागिराला आपल्यापेक्षा चांगली कळते. त्याला अडते ते मापांच्या तक्त्यावर. एकाच मापाच्या दोन जोड्या दोन घरांत बनल्या की बोटाएवढा फरक पडतो, आणि ऑनलाइन विक्रीत परत येणारा माल बहुतेक यामुळेच परत येतो. कोणीतरी शांतपणे बसून मापांचे पुठ्ठे कापणे, पांढऱ्या कापडावर नैसर्गिक उजेडात चपलेची पाचही बाजूंनी छायाचित्रे काढणे, पहिल्या पावसात काय काळजी घ्यावी याचे दोन भाषांतले लहानसे पत्रक करणे, मानांकनाचा शिक्का योग्य ठिकाणी छापणे, एवढे केले तरी कारागिराच्या हातात चार पैसे जास्त पडतात. ही कामे महामंडळ, बचतगट आणि दुकानदार यांच्यामार्फत येतात आणि मोबदला सुरुवातीला कमीच असतो, हे लपवत नाही.

एक सूचना. बाहेर बनलेल्या मालाच्या वेष्टनावर ‘कोल्हापुरी’ लिहून द्या असे सांगणारे गिऱ्हाईक भेटतेच. त्या आठ जिल्ह्यांबाहेरच्या मालावर ते नाव घालणे कायद्यात बसत नाही, आणि फाइल आपल्या संगणकावरून गेलेली असते.

परतलेला
मी पुण्यात काही वर्षे नोकरी करून बेळगावात परत आलो आणि घरूनच काम करतो, म्हणून वरच्या उत्साहाला थोडा लगाम घालतो. इथे काम आहे हे खरे, पण शिकवणारा वरिष्ठ नाही. पुण्यात माझे काम रोज कोणीतरी माझ्यासमोर खोडत असे. इथे गिऱ्हाईक “छान आहे, फक्त लोगो मोठा करा” एवढेच म्हणते आणि अशा कौतुकाने हात लवकर बिघडतो. त्यामुळे माझा सल्ला असा की दोन-तीन वर्षांसाठी चांगल्या स्टुडिओत जावे, मात्र इथली तीन-चार गिऱ्हाइके हातची सोडू नयेत. आता पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावहून जाते, त्यामुळे येऊन-जाऊन काम सांभाळणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही.

मोबदल्याविषयी. दर विचारू नका, कारण मी सांगितलेला आकडा आपल्या गिऱ्हाइकाला लागू पडणार नाही. आपले दिवस मोजा. महिन्याला घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर यांना किती लागते त्याला प्रत्यक्ष काम होणाऱ्या दिवसांनी भागा (ते महिन्यात पंधरा-सोळाच्या वर नसतात, उरलेले दिवस भेटीगाठी आणि वसुलीत जातात) आणि आलेल्या आकड्याच्या खाली उतरू नका. निम्मे पैसे आधी घ्यावेत. फेरफार किती वेळा करून मिळतील ते लिहून द्यावे. लोगोचे हक्क देत असाल तर तेही लेखी असावे, कारण कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच लागते आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, ती आजच करा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. एका कारखान्याकडे माझे बिल बरेच महिने पडून होते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ टाकून मार्चच्या सुरुवातीला पुन्हा पाठवले, तेव्हा त्यांच्या सी.ए.नेच फोन करून बँकेचा तपशील मागितला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असले तरीही. कोल्हापूरचे काम घ्यायला आपण घाबरू नये म्हणून हे सांगितले.

रेघोट्या, वडगाव
सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला यूसीडच्या तारखा दाखवल्या आणि तिने आजच वही काढली. वडिलांशी बोलणे झाले. मागावरचा यांचे उत्तर त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी कपाटावरचा जुन्या कार्डांचा एक संच खाली काढून दिला, बँकेविषयी मात्र काही बोलले नाहीत. परीक्षा संपल्यावर एखाद्या छापखान्यात बसावे आणि निफ्टच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करावी, असे सध्या ठरवते आहे.

छापखाना काकांना एक शंका विचारते. एका दुकानाचे जुने कन्नड माहितीपत्रक नव्याने करायचे आहे. त्यांच्याकडची फाइल ‘नुडी’ या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरात आहे आणि माझ्या संगणकावर ती उघडली की सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मराठी भाग ‘श्रीलिपी’ या तशाच सॉफ्टवेअरात आहे, त्याचेही तेच. सगळे पुन्हा टंकावे लागेल का?

छापखाना
पुन्हा टंकण्याची गरज नाही. त्या दोन्ही फाइली युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीच्या आहेत, म्हणजे अक्षरे इंग्रजीच्या जागांवर बसवलेली आहेत आणि तो विशिष्ट टंक नसला की मागचे इंग्रजी उघडे पडते. मजकूर परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये आणा, पण कन्नड आणि मराठी भाग आधी वेगळे करा, कारण एकाचा परिवर्तक दुसऱ्याच्या मजकुराचा चुराडा करतो. नंतर कन्नडमधली ओत्तक्षरे आणि मराठीतले रफार व जोडाक्षरे एकेक करून तपासा. चुका बहुधा तिथेच राहतात. आकडे, फोन नंबर आणि किमती मूळ छापील पत्रकाशी ताडून पाहा, कारण परिवर्तनात कंस आणि टिंबे इकडची तिकडे होतात. मग कन्नड घरात बोलणाऱ्या कोणाकडून तरी मुद्रित वाचून घ्या आणि दुकानदाराची सही घेतल्याशिवाय फाइल छपाईला सोडू नका. परीक्षा झाल्यावर हवे तर आमच्याकडेच येऊन बसा. पत्ता खासगी निरोपात कळवतो.